पत्ता मिळाला नाही म्हणजे संगणक बिघडला नव्हे

महोदय,

रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे, लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारे संगणक आता शाळांच्या प्रयोगशाळांत आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी सर्रास दिसतात. असा संगणक नेटवर्कवर दिसेनासा झाला की मेमरी कार्ड पुसून सगळी प्रणाली नव्याने भरण्याचा सल्ला हमखास दिला जातो. या सल्ल्याला माझा आक्षेप आहे, कारण त्यात मुलांनी केलेले काम पुसले जाते आणि दोष मात्र बहुधा संगणकाबाहेरच राहतो.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणे नवे नाही. वीज परत येते तेव्हा राउटर आणि हा संगणक एकाच वेळी सुरू होतात. संगणक मिनिटभराच्या आत तयार होऊन आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील आपला ओळखक्रमांक, मागू लागतो, पण पत्ते वाटणारी राउटरमधील डीएचसीपी सेवा तोवर जागी झालेली नसते, आणि मध्ये वेगळा स्विच (अनेक संगणकांच्या तारा जोडणारी पेटी) असेल तर तार जोडलेली दिसूनही उत्तर येत नाही. अशा वेळी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘आयपी ॲड्रेस’ (ip address) ही आज्ञा द्यावी. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर संगणकाने उत्तराची वाट पाहून स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. नव्या प्रणालीत बहुधा हा पत्ताही दिसत नाही, आयपीव्ही४ ची (चार आकडी गटांच्या नेहमीच्या पत्त्याची) ओळच नसते. दोन्ही प्रसंगी राउटर पूर्ण सुरू झाल्यावर नेटवर्कची तार काढून पुन्हा लावली, तरी पुष्कळदा काम भागते. ‘नो-कॅरिअर’ (NO-CARRIER, म्हणजे तारेतून जोडणीच नाही) असे दिसले, तर मात्र तार किंवा स्विचच तपासायला हवा.

जुन्या मार्गदर्शिकांनीही घोळ घातला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून रास्पबेरी पायच्या प्रणालीत नेटवर्कची व्यवस्था डीएचसीपीसीडी या जुन्या प्रोग्रॅमकडून नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेली. त्यामुळे डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये कायमचा पत्ता कितीही काळजीपूर्वक लिहिला, तरी नव्या प्रणालीवर त्याचा उपयोग होत नाही. वायफायसाठी देश निवडला नसेल, तर रेडिओ बंदच राहतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

शाळांत आणखी एक अडचण येते. राउटरकडील पत्त्यांचा साठा मर्यादित असतो, आणि शिक्षकांचे व पालकांचे मोबाइल त्याच वायफायवर आले की तो संपतो. (मोबाइलवाल्यांना पत्ता मिळतो, प्रयोगशाळा कोरडी राहते!) यावर उपाय म्हणून प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकाच्या मॅक पत्त्यापुढे (नेटवर्कच्या भागाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकापुढे) ठरावीक आयपी पत्ता राउटरमध्येच राखून ठेवावा. हे संगणक विकणाऱ्यांनी आणि शाळांना पुरवणाऱ्यांनी तपासणीचा हा क्रम सांगणारे अर्ध्या पानाचे मराठी पत्रक सोबत द्यावे, अशी माझी विनंती आहे.

— एक संगणक शिक्षक, सदाशिव पेठ, पुणे