लांब बाहीचं ब्लाऊज

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की बायकांसाठी एवढे कायदे आहेत, हेल्पलाईन आहे, तरी मार खाणाऱ्या बायका तक्रार करत नाहीत म्हणजे त्यांनाच ते चालतंय. ते वाचल्यापासून डोक्यातनं जाईना म्हणून लिहितेय.

मी तासगावात बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे एक पडदा, त्याच्या आड बायका माप द्यायला उभ्या राहतात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे, द्राक्षबागांची खरड छाटणी चालू होती त्या दिवसांत, छाटणीला जाणारी एक पोरगी आली आणि म्हणाली बाही कोपराच्या खाली ठेवा, मागचा गळाही बंदच करा. म्हटलं अगं उकडून मरशील. तर म्हणे असू दे ताई. दंडाला टेप लावला तशी तिनं हात आखडून घेतला. चार बोटांचे निळे ठसे होते आणि त्याच्या वरच्या बाजूला एक पिवळा पडत आलेला, म्हणजे आधीचा. मी विचारलं काय झालं, ती म्हणाली गोठ्यात पडले, आणि मी वहीत माप लिहून शुक्रवारी ये म्हणून सांगितलं. शुक्रवारी ब्लाऊज घेतलं, पैसे दिले, तरी ती दहा मिनिटं उगाच अस्तराचे तुकडे चाळत उभी होती. ती कशाला थांबली होती हे मला ती गेल्यावर समजलं, आणि ते अजून मनाला लागून राहिलंय.

पुढच्या खेपेला मी स्वतःहून विषय काढला तर सगळं बोलली. आणि साहेब, तिनं मदत मागितली नव्हती असं अजिबात नाही. आईला सांगितलं, आई म्हणाली सगळ्यांचंच असतंय, भांड्याला भांडं लागतंच, धाकटीचं जमायचंय अजून, लेकरांकडं बघ. सासूला सांगितलं, तर तिनं स्वतःच्या कपाळावरची जुनी खोक दाखवली. एकदा शेजारणीला घेऊन रात्री पोलीस ठाण्यात गेली, दोन तास बाकावर बसवलं, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद लिहून घेतली, दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलावून दोघांना समजावून घरी पाठवलं. त्या रात्री जे झालं त्यानंतर ती कुणाकडंच गेली नाही. तीन दारं वाजवून झाल्यावर माणूस गप्प बसला तर त्याला "चालतंय" म्हणायचं?

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे, की मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी फक्त 14 टक्के बायकांनी ते थांबावं म्हणून मदत मागितली, आणि 77 टक्के बायकांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. ज्यांनी मागितली त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका माहेरीच गेल्या होत्या. म्हणजे पहिलं दार माहेरचं, आणि आपल्याकडं ते दार कसं बंद होतं ते तलाठी ऑफिसात जाऊन बघा. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा मुलाइतकाच हक्क आहे, पण लग्न झालं की भाऊ हक्कसोड पत्रावर, म्हणजे तिनं आपला हिस्सा सोडला अशा कागदावर सही घेतो आणि ती देते, का तर सणावाराला माहेर तुटू नये. मग अंगावर वळ घेऊन आली की चार दिवस पाहुणचार आणि पाचव्या दिवशी भावजयीचं तोंड. हक्कसोड आणि मार यांचा संबंध नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या पडद्याआड उभं राहावं.

बाकी अडचणी म्हणजे, आधार कार्ड, रेशन कार्ड, पोरांचे दाखले सासरच्या कपाटात, मजुरी नवऱ्याच्या हातात, फोनचं रिचार्ज तोच मारतो आणि कुणाला कॉल केला ते रोज रात्री बघतो. आणि ती निघायच्या तयारीत आहे असं कळलं की असला माणूस आणखीच पिसाळतो, तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून त्या थांबतात. तो भित्रेपणा नाही, पोरांना घेऊन जिवंत राहायचा हिशोब आहे.

अजून एक, तिला त्याला जेलमधे घालायचं नव्हतंच, तिला फक्त मार थांबायला हवा होता. तिला वाटायचं तक्रार म्हणजे अटक, अटक म्हणजे घर मोडलं. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला, नेमका यासाठीच आहे. या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज देता येतो, कोर्ट नवऱ्याला मारू नको असा आदेश देतं, घर कुणाच्याही नावावर असो तिला तिथं राहायचा हक्क मिळतो, खर्चाला पैसे मिळतात, आणि तो आदेश मोडला तर मग गुन्हा. वकील सरकारतर्फे फुकट मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना नाही. शिवाय शेजाऱ्यानं जरी कळवलं तरी चालतं, चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही. हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही त्या पोरीसाठी विचारत फिरले म्हणून.

साहेब, पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी तुम्ही रोज पहिल्या पानावर देता, नदीकाठचा माणूस चहाच्या आधी ती बघतो. तशीच एक चौकट वर्षभर द्या, रोज त्याच जागी. प्रत्येक तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा ऑफिसचा पत्ता आणि नंबर, 181 ही महिला हेल्पलाईन आणि तातडीच्या मदतीचा 112, आणि खाली एक ओळ की शेजारीपण कळवू शकतात. पत्ता नक्की द्या, कारण तिचा फोन रात्री तपासला जातो, पण बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन ती त्या ऑफिसपर्यंत जाऊ शकते.

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक वाचक, तासगाव, जि. सांगली