भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा आग्रह धरणाऱ्या वकील मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीर असले तरी त्यात आपले नाव, आपल्या जिल्ह्याचे नाव आणि माझे नाव मी लिहिलेले नाही. आपल्या नावावरून न्यायालय, न्यायालयावरून खटला आणि खटल्यावरून मी, असा माग काढणे आमच्या भागात मुळीच अवघड नाही, आणि साक्षीपुरावा अजून सुरू व्हायचा आहे. तरीही आभार चारचौघांत मानावेत असे वाटले, कारण आपण माझ्यासाठी जे मिळवले ते जवळजवळ सगळे कायद्यात आधीपासून लिहिलेले होते. ते कोणीतरी नेमके दाखवून देण्याची आणि त्यासाठी ठाण्यात ठामपणे बसून राहण्याची गरज होती.

ज्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता त्याने ठरलेले लग्न मोडल्यानंतर माझे खासगी फोटो नातेवाइकांना पाठवले आणि पुढे माझ्याच नावाचे बनावट खाते उघडून तिथे टाकले. मी आईबरोबर ज्या पोलीस ठाण्यात प्रथम गेले तिथे दोन गोष्टी सांगण्यात आल्या. एक म्हणजे मुलगा दुसऱ्या जिल्ह्यात राहतो, त्यामुळे हद्द आमची नाही. आणि दुसरी म्हणजे फोटो तुमच्या मर्जीनेच काढलेले दिसतात, मग गुन्हा कसला. आपण विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने माझ्या मदतीला आलात तेव्हा या दोन्ही वाक्यांना कायद्यात सरळ उत्तर आहे हे मला पहिल्यांदा कळले. (फुकट वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळतो असे आमच्या घरात सगळ्यांनाच वाटत होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, ही मदत मिळते आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, हे इथे मुद्दाम नोंदवते.)

हद्दीचे उत्तर सोपे होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ज्याला सगळे झिरो एफआयआर म्हणतात ती हीच तरतूद. माझी फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी, हेही आपण त्याच कलमावर बोट ठेवून मागितले आणि ते मान्य झाले.

दुसऱ्या वाक्याचे उत्तर मात्र मला जन्मभर पुरेल. फिर्यादीच्या पहिल्या मसुद्यात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे फक्त कलम ६७ लावले होते. ते अश्लील मजकूर प्रसारित करण्याबद्दलचे कलम आहे आणि त्यात संमतीचा विचारच नाही. फोटो अश्लील आहे की नाही एवढेच ते पाहते. म्हणजे माझ्याच फोटोला आधी अश्लील ठरवायचे आणि मग तो पसरवल्याबद्दल दुसऱ्याला शिक्षा मागायची. आपण तो मसुदा वाचून खाली ठेवलात आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ लावण्याचा आग्रह धरलात. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतून भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी आले. १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत कलम ७७ म्हणून आहे. त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असली, पण तो तिसऱ्या व्यक्तीपर्यंत जायला दिली नसली, तर तो पसरवणे हा गुन्हाच आहे. आपण ते स्पष्टीकरण माझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलेत. त्याआधी आई कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. ते ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हिचं काही चुकलं नाही, असं कायद्यातच लिहिलंय?" आपण "हो, असंच लिहिलंय" एवढेच म्हणालात आणि पुढच्या कलमाकडे वळलात.

पुढचे कलम माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-ई होते. शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय टिपणे किंवा प्रसारित करणे यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हे कलम स्त्रीपुरुष असा भेद करत नाही. कलम ७७ मध्ये पीडित म्हणून फक्त स्त्रीचा विचार आहे, त्यामुळे एखाद्या तरुणाचे असे फोटो पसरवले गेले तर त्याला त्या स्पष्टीकरणाचा आधार मिळत नाही. ही उणीव कायद्याने लवकर भरून काढावी असे मला मनापासून वाटते. बनावट खात्यासाठी वेगळी कलमे लागली. त्याच अधिनियमाचे ६७-ए लावा, ते अजामीनपात्र आहे, असे आमच्या एका नातेवाइकाने सुचवले, तेव्हा आपण नकार दिलात. ते कलम लैंगिक कृतीच्या चित्रणासाठी आहे, माझे फोटो त्यात बसत नाहीत, आणि न बसणारे कलम लावले की बचाव पक्षाला आयती संधी मिळते, हे आपण शांतपणे समजावलेत. आरोपीला लगेच अटक होईल अशी खोटी आशाही आपण दाखवली नाहीत. कलम ७७ चा गुन्हा पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षांची शिक्षा असलेला आणि जामीनपात्र आहे, आरोपीला बहुधा हजर राहण्याची नोटीसच निघेल, आणि आपल्या दृष्टीने अटकेपेक्षा त्याचा मोबाइल जप्त होणे महत्त्वाचे आहे, असे आपण सांगितलेत. पुढे तसेच घडले, आणि आधीच माहीत असल्यामुळे मी खचले नाही.

पुराव्याच्या बाबतीत आपण दाखवलेली काळजी मी कधीही विसरणार नाही. फोटो एका क्षणात नाहीसे व्हावेत असे मला वाटत होते; आपण आधी प्रत्येक पानाची लिंक, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव वहीत लिहून घ्यायला लावलेत, स्क्रीनशॉट जतन करवलेत आणि मगच संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवला. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी अशा तक्रारीवर मजकूर हटवण्यासाठी चोवीस तासांची मुदत घातली होती आणि ती पाळली गेली. तेच फोटो दुसरीकडे पुन्हा वर येऊ नयेत म्हणून आपण स्टॉपएनसीआयआय या सेवेची माहिती दिलीत. फोटो आपल्या मोबाइलमधून बाहेर जात नाही, त्याचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली ओळखखूण, तेवढे सहभागी कंपन्यांकडे जाते, हे ऐकूनच मी ती वापरायला धजले.

हॅश मूल्य म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थाने पंचनाम्याच्या दिवशी समजले. आरोपीच्या मोबाइलमधील फाइल पंचांसमोर उघडून दाखवण्याची तयारी चालली होती. आपण लेखी विनंती केलीत की फाइलचे हॅश मूल्य काढून तेच नोंदवावे. संगणकावर चौसष्ट अक्षरांची आणि अंकांची एक ओळ आली. तपास करणाऱ्या पोलीस निरीक्षकांनी ती एक एक अक्षर वाचली, पंचाने कागदावर पडताळली आणि पाकिटाला सील लागले. त्या खोलीत कोणीही माझा फोटो पाहिला नाही, आणि तरीही फाइल तीच आहे हे सिद्ध करण्याची सोय झाली. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातही हेच हॅश मूल्य लिहावे लागते. हे प्रमाणपत्र नसेल तर काय होते ते सांगताना आपण जालन्यातील विधानसभा निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणाचा २०२० चा निकाल दाखवलात. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे जुन्या पुरावा कायद्याच्या संदर्भात त्यात म्हटले आहे.

मध्यंतरी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून प्रकरण मिटवण्याचा घाट घातला. कलम ७७ चा गुन्हा तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७७-ए स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्यात तडजोडीला मनाई करते, एवढे आपण आमच्या काकांना फोनवर सांगितलेत. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर माझ्या मनात एकच भीती उरली होती. आरोपीला कागदपत्रांच्या प्रती मिळतात, मग सीलबंद फोटोंची प्रत पुन्हा त्याच्याच हातात जाणार का? केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हाच प्रश्न हाताळला होता. मेमरी कार्डातील चित्रण हे कागदपत्रच आहे, पण पीडितेच्या खासगीपणासाठी आरोपीला त्याची प्रत न देता वकील आणि तज्ज्ञासह पाहणी करू द्यावी, असा तो निर्णय आहे. मी विचारण्याआधीच आपण त्या आधारे अर्ज तयार ठेवला होता आणि सरकारी वकिलांमार्फत तो दाखलही झाला. मूळ पाकीट आता न्यायालयाच्या ताब्यात सीलबंद आहे आणि त्या अर्जावर पुढील तारखेला सुनावणी आहे. त्या दिवशी मी आणि आई दोघीही हजर राहू.

आपण माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाहीत आणि मला एकदाही "फोटो का काढू दिलास" असे विचारले नाहीत. या दोन्हींसाठी मी आपली अत्यंत ऋणी आहे.

आपली कृतज्ञ,
एक फिर्यादी