आणखी दोन वर्षं

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "अजून किती राहिलंय गं?" आणि मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहिते.

पीएच.डी.च्या मुदतवाढीचा अर्ज मी दिलाय आणि तो मंजूरही झालाय. दिवाळीनंतर कॉलेजातले तासही सोडतेय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले असते, आणि आई, तू रात्रभर जागी राहिली असतीस.

माझी नोंदणी २०१९ ची, म्हणून मला २०१६ चे नियम. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि बायकांना वर २. ही वाढ कुणाची मेहेरबानी नाही, नियमातच आहे. मी नापास झाले असं आत्याला वाटू देऊ नका. कोर्सवर्कला ५५ टक्के लागतात, ते पहिल्याच वर्षी मिळवून झालं. नियतकालिकात एक शोधनिबंध छापून यावा लागतो, परिषदांमध्ये दोन वाचावे लागतात, तेही झालं. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहावं लागतं, ते मी एकदाही चुकवलं नाही.

अडलंय ते लिखाणात. पाचातली तीन प्रकरणं झाली. २०२० साली सगळं बंद होतं तेव्हाचे महिने परत मिळाले नाहीत. आता सकाळचे तास घेऊन पेशवे दफ्तरात पोचेपर्यंत दुपार होते. एक रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, सोडून चार कागद लावावेत तोवर बंद व्हायची वेळ. पाटीलकीच्या एका भांडणाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, वाचून लावायला मला तीन आठवडे गेले. असंच चाललं तर ही दोन वर्षंही हातची जातील, म्हणून तास सोडले. आळसानं नाही, बाबा.

मोडी लिहिताना पाटीवर आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, हे तुम्ही शिकवलंत तेव्हा मी तिसरीत होते. माझा 'ल' चुकला की तुम्ही न रागावता माझा हात धरून गिरवायचात. परवा एका कागदावर तसाच 'ल' दिसला आणि मी तिथंच बसल्याबसल्या रडले.

पैशांची काळजी करू नका. औषधांचे पैसे नेहमीसारखे ५ तारखेला येतील, तेवढे मी वेगळे काढून ठेवलेत. खोली तीच आहे, गरम पाणी येतं. मेसच्या मावशी माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवतात. आई, तू दिलेली गोधडी अजून पुरते.

आता माझं ऐका. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्गशीर्षातच करायचं, पुढं ढकलायचं नाही. मी आठ दिवस येऊन राहणार आहे, थेंब मी घालीन. तोवर बाबांनी संध्याकाळी एकट्यानं घाटावर जायचं नाही. आईनं माळ्यावर चढायचं नाही. तिथली जुन्या कागदांची पेटी मी आल्यावर काढू. गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतर घे, उपाशीपोटी नको. दादाला मी सांगितलंय, तो शनिवारी सिलिंडर बघून जाईल. त्याला काही बोलू नका, त्याचंही आता बरं चाललंय.

प्रबंध लिहून झाला की तो विभागात सगळ्यांपुढे मांडायचा. मग दुसऱ्याच्या लिखाणाशी किती जुळतंय ते तपासतात. ते १० टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. नंतर प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो आणि शेवटी तोंडी परीक्षा. ती दार लावून होत नाही. विभागातली माणसं, संशोधक, विषयातले जाणकार बसू शकतात. बाबा, तुम्ही मोडी वाचता, तेव्हा मी गाईडना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, खुशाल आणा. त्या दिवसासाठी डोळे नीट हवेत, म्हणून मार्गशीर्ष. आणि पेटीतले कागद रात्री बल्बखाली वाचत बसू नका.

पत्र मिळालं की फोन करा. या वेळी मी ठेवणार नाही.

तुमची,
चिऊ