केळणा नदीच्या पुलाजवळ असईच्या लढाईचा फलक हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी जालना जिल्ह्यातील भोकरदन परिसरात केळणा नदीवरच्या एका पुलावरून जाणे झाले. सोबत असलेल्या नातीने असईची लढाई नेमकी कोठे झाली असे विचारले, तेव्हा गाडी थांबवून मी तिला नदीकडे बोट दाखवले. त्यापलीकडे तिला दाखवण्यासारखे त्या पुलावर काही दिसले नाही. ज्या नदीमुळे २३ सप्टेंबर १८०३ या दिवसाचा निकाल ठरला, तिच्या पुलाजवळ त्या दिवसाची माहिती देणारा फलक असावा, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

फलक गावात किंवा तालुक्याच्या चौकात न लावता पुलाजवळच का लावावा, याचे कारण लढाईतच आहे. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या उत्तर तीरावर होत्या आणि मागच्या बाजूला जुई नदी होती. दक्षिणेकडून आलेल्या आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीला वाटाड्यांनी जवळपास दुसरा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी जागा, नसल्याचे सांगितले. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याने पाहिली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांची नावे ‘पीपलगाव’ आणि ‘वारूर’ अशी येतात. इतक्या जवळची दोन गावे एकमेकांकडे जाण्याची वाट ठेवल्याशिवाय राहणार नाहीत, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांच्या पायाखालच्या त्या उतारावरून इंग्रजी पलटणी पार झाल्या आणि केळणा व जुई यांच्या बेचक्यात, शिंद्यांच्या डाव्या बगलेवर येऊन उभ्या राहिल्या. हे नदीकाठी उभे राहून वाचले तर शाळकरी मुलालाही उमगते; वर्गात नुसत्या तारखेवरून ते कळत नाही.

पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो आणि तो सहसा सांगितला जात नाही. बगलेवर शत्रू आला म्हणून शिंद्यांचे कवायती पायदळ विस्कटले नाही. पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली त्या पलटणींनी आपली दक्षिणाभिमुख फळी जवळजवळ काटकोनात फिरवली आणि डावी बाजू असई गावाला टेकवून त्या पुन्हा सज्ज झाल्या. एवढ्या मोठ्या फौजेला ऐन वेळी हे साधेल अशी प्रतिपक्षाची अपेक्षा नव्हती. असई गावाच्या फार जवळ गेलेली ७४ वी हायलंडर पलटण तोफांच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. मराठी तोफखान्याची फळी इंग्रजांनी ओलांडल्यावरही, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे सैनिक, उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर मारा केला. दोन्ही सरदार मात्र तोवर रणांगण सोडून गेले होते. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, पण त्यांचेही सुमारे १,६०० सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. एवढी हानी पुन्हा पाहण्याची आपली इच्छा नाही, असे वेलस्लीने नंतर लिहिले. पुढे नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकल्यावरही, युद्धातील आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती या प्रश्नाला त्याने असईचेच नाव सांगितले.

म्हणून फलकावर केवळ विजेत्याचे नाव आणि तारीख नको. तोफेजवळ मेलेल्या गोलंदाजांचा उल्लेख हवा, आणि वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य असलेल्या मद्रासच्या देशी शिपायांचाही हवा. ‘घनघोर’, ‘तुंबळ’ असली विशेषणे टाळावीत. पराभवाचे खापर कोणा एकावर फोडणारे वाक्यही नको. त्यानंतर अडगाव आणि गाविलगड येथेही हार झाली आणि डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांशी देवगावचा व शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला, एवढे एका ओळीत पुरेल. मजकुरापेक्षा अधिक जागा नकाशाला द्यावी. दोन नद्या, उतार, फौजेची आधीची फळी आणि फिरवलेली फळी, तसेच वाचणारा उभा आहे ती जागा दगडात कोरलेली असावी. मजकूर आधी मराठीत असावा.

फलक पुलाच्या कठड्यावर लावू नये. तेथे थांबणे धोक्याचे आहे आणि धावत्या गाडीतून तो वाचताही येणार नाही. पुलाच्या अलीकडे, साइडपट्टीच्या बाहेर, दोन-तीन वाहने उभी राहतील आणि नदीचे पात्र समोर दिसेल अशी जागा निवडावी. उताराची जागा इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या नकाशांवरून ताडून घ्यावी, पण मजकूर कोरण्यापूर्वी तो दोन्ही काठांवरच्या गावांत वाचून दाखवावा. पूल होण्याआधी नदी कोठून ओलांडत असत, हे तेथील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय नकाशावर खूण करू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक