बायोडेटातली एक ओळ

यवतमाळ
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय गड्या,

फोनवर तीनदा हा विषय काढायला गेलो आणि तिन्ही वेळा पाऊस, कापसाचा भाव आणि तुझ्या घराचा स्लॅब एवढ्यावरच बोलून फोन ठेवला. म्हणून आज कागद घेतला. माझं बीपी गोळीवर ठीक आहे, आईचे गुडघे तसेच आहेत, ही बरी आहे. झालं तब्येतीचं.

आमचा प्रकल्प मार्चअखेर संपला हे तुला माहीत आहे. त्यानंतर एका जागेसाठी अर्ज केला. गावोगावी शेतकऱ्यांच्या बैठका घेणारी जी नवी पोरं-पोरी असतात, त्यांना बोलायला शिकवायचं, अशी ती जागा. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सार्वजनिक भाषणाचा अनुभव आवश्यक, तपशील द्यावा.’ त्या ‘तपशील द्यावा’ने आठ दिवस झोप घालवली. का, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

मोठी लॅपटॉप घेऊन बसली, म्हणाली, “बाबा, बायोडेटा सांगा.” आतून आई ओरडली, “कोणाचं जमवून राहिले रे?” बायोडेटा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे मुलाची उंची आणि मामेकुळच येतं. पोरीने इंटरनेटवरून एक सुंदर नमुना घेतला होता. डावीकडे निळी पट्टी, उजवीकडे अनुभव, मधे चांदण्या. मग तिनेच तो साऱ्या मजकुरासकट उचलून साध्या फायलीत टाकून दाखवला, तर डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या ‘गुलाबी बोंडअळी’ला जाऊन चिकटला. ती म्हणाली, ऑनलाइन अर्ज बऱ्याच ठिकाणी आधी मशीन वाचतं, माणूस नंतर. मशीनला असे दोन रकाने कधी कधी एकाच ओळीत दिसतात. म्हणून पट्टी काढली, चांदण्या काढल्या. सरळ एकाखाली एक.

इथवर आमचं जमलं. मग तिने माझी भाषणं नेऊन ‘छंद’मधे टाकली, वाचन आणि क्रिकेटच्या मधे! मला खरंच लागलं ते. मी म्हटलं, बाळा, सोळा वर्षं याचाच पगार घरात आला, हा छंद कसा? तिचं म्हणणं, सगळे तिथेच टाकतात. आमचं खूप बोलणं झालं आणि शेवटी तिलाही पटलं. कामच बोलण्याचं असेल तर भाषणं अनुभवाच्या रकान्यात, त्या त्या नोकरीखालीच यायला हवीत. ‘प्रभावी वक्ता’, ‘उत्तम संवादकौशल्य’ असले शब्द मी सगळे खोडायला लावले. ते कोणीही लिहितो. कोणापुढे, कशावर, कोणत्या भाषेत, किती वेळा आणि त्यातून पुढे काय झालं, एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला माणूस दिसतो.

मग माळ्यावरून डायऱ्या काढल्या. दोन रात्री मोजत बसलो. १८६ बैठका निघाल्या. पोरगी म्हणे, ‘हजारो शेतकऱ्यांना मार्गदर्शन’ लिहू. हजेरीच्या सह्या मोजल्या तर हजारावर जातातही, पण तोच माणूस जूनमधे येतो, ऑगस्टमधे येतो आणि चहा असला की तिसऱ्यांदा येतो. मी लिहिलं, ‘१८६ बैठका, प्रत्येक बैठकीत साधारण १५ ते ४० शेतकरी.’ छोटा आकडा आहे, पण कोणी विचारलं तर डायरी दाखवता येते.

काय धरायचं आणि काय सोडायचं, यात तू हवा होतास. १५ ऑगस्टची ग्रामसभा होती एक. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल तेवढे लागतात, आले बासष्ट. सभा तहकूब झाली, पण माणसं उठेनात, म्हणून मी पाऊण तास बोंडअळीवर बोललो. मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले की मगच फवारा, त्याआधी नको, हे त्या दिवशी त्या गावाला पटलं. कागदावर सभा झालीच नाही. मी ती धरली, पण ‘ग्रामसभा’ असं नाही लिहिलं, ‘गावबैठक’ लिहिलं. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, बैठका तर खऱ्या म्हणजे त्या ताईच्या. मी मराठीत दोन वाक्यं बोलायचो, ती कोलामीत पाच बोलायची आणि बाया हसायच्या तिच्या वाक्यांना. तिथे ‘दुभाष्या ताईच्या मदतीने’ असं स्पष्ट घातलं. बरोबर केलं ना?

पोरीची एक सीनियर पुण्यात टोस्टमास्टर्सच्या क्लबात जाते. १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था. तिथे म्हणे हिरवा, पिवळा, लाल दिवा लावून वेळ दाखवतात, आणि एक माणूस फक्त वक्ता किती वेळा ‘अं… अं…’ करतो ते मोजायला बसतो. मला आपले सर आठवले रे! मुठीत चिंचोके घेऊन बसायचे. आपण ‘म्हणजे’ म्हटलं की एक चिंचोका टेबलावर. तुझ्या पहिल्या भाषणाला मूठ रिकामी होऊन खिशात हात घालावा लागला होता त्यांना. तुझे तेवीस, माझे एकवीस. तू अजूनही म्हणतोस की दोन चिंचोके खाली पडले ते तुझ्यात धरले. ते तुझेच होते.

आता मूळ गोष्टीवर येतो.

डायऱ्यांबरोबर ती प्लास्टिकची फाइल निघाली. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद, वैयक्तिक प्रथम, माझं नाव. पोरगी आनंदली, म्हणाली, “हे वरच टाकू.” मी नको म्हटलं. ती कारण विचारत राहिली. बावीस वर्षं जुनं बक्षीस या वयात कोण बघतं, पहिल्या नोकरीच्या अर्जात ते शोभतं, आता कामाचं बोल, असं मी तिला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं.

विषय होता, ‘कीटकनाशकांनी शेतकऱ्याचे भले कमी आणि नुकसान अधिक केले.’ मी अनुकूल, तू प्रतिकूल. आदल्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर तू आबांचं सांगितलंस. दुपारी फवारणी करून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आले, घाम थांबेना, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. काकूंना वाटलं ऊन लागलं, म्हणून त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी मारलं. दोन तास त्यातच गेले. बैलगाडी, मग कोणाची तरी जीप, मग दवाखान्यात अॅट्रोपीनच्या सुया. तू त्या वेळी सातवीत होतास आणि जीपमधे त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. हे तू कोणालाच सांगितलं नव्हतंस.

आणि मी दुसऱ्या दिवशी ते स्टेजवर सांगितलं. तुला न विचारता. पहिली घंटा व्हायच्या आत सभागृह गप्प झालं होतं. माझ्यानंतर तू उभा राहिलास. आपल्याच बापाच्या गोष्टीच्या विरुद्ध बाजूने तुला बोलायचं होतं. अर्धा मिनिट तू बोललाच नाहीस. मग म्हणालास, “दोष बाटलीचा नाही. काहीही न सांगता ती हातात देणाऱ्याचा आहे.” त्यापुढचं तुझं भाषण मला आजही पाठ आहे. परीक्षकांनी मला पहिला दिला, तुला दुसरा, आणि सांघिक करंडक आपल्या दोघांना.

परतीच्या एसटीत तू ड्रायव्हरच्या मागे बसलास, मी शेवटच्या सीटवर करंडक घेऊन. कंडक्टर म्हणाला, याचं हाफ तिकीट काढावं लागेल. सगळी गाडी हसली, तू वळूनही पाहिलं नाहीस. पाच महिने आपण बोललो नाही. लंबू निरोप्या झाला होता. “त्याला सांग, बादली माझी आहे.” “त्याला सांग, घेऊन जा.” मग परीक्षा आल्या, नोट्स एकच होत्या, आणि बोलणं सुरू झालं. पण त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू काढलं नाहीस आणि मी त्याचा फायदा घेतला. (माझा निळा स्वेटर तू तेव्हापासून परत केलेला नाहीस, तेही आज लिहून ठेवतो.)

आता जे तुला माहीत नाही ते. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, वीसच्या आसपास. त्या साली कापूस डोक्याच्या वर गेला होता. माणूस पंप पाठीला लावून वर फवारे मारी आणि तेच त्याच्या तोंडावर येई. आम्हाला सांगितलं, रोज बैठका घ्या. मी पहिल्या बैठकीत हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा सगळं सांगितलं. अर्धी माणसं मोबाइल पाहत होती. दुसऱ्या गावात, रात्री नऊला, मारुतीच्या पारावर मी बोलायला उभा राहिलो आणि तोंडातून आबा निघाले. धुरा, कांदा, जीप. नाव नाही घेतलं. ‘माझ्या मित्राचे वडील’ म्हटलं. सगळ्यांचे मोबाइल खाली गेले. मग मी तुझं वाक्य सांगितलं, बाटली हातात देणाऱ्याचं. आणि बाटलीवरचा त्रिकोण दाखवला. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग तर कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढत होतो तर एक म्हातारा पळत आला. धोतराच्या सोग्यात बाटली गुंडाळलेली, हात लागू नये म्हणून. अंगठ्याने लेबलवरचा चिखल पुसला आणि म्हणाला, “भाऊ, हा लाल हाय ना? पोरगा याच्या नोजलात तोंडानं फुकते.” त्याच्या अंगठ्याची भेगाळलेली कड आणि तिच्या बाजूला तो लाल त्रिकोण, एवढंच मला त्या सगळ्या वर्षातलं लख्ख दिसतं.

तेव्हापासून फवारणीच्या प्रत्येक बैठकीची सुरुवात आबांनीच केली. ९७ बैठका. मी मोजल्या. आबांच्या तेराव्याला आलो होतो ते हेच सांगायला, पण मांडवात तू पंगतीला वाढत होतास, डोळे सुजलेले, आणि माझ्या पानात दुसऱ्यांदा बुंदी टाकून “घे रे” म्हणालास. नाही बोलवलं माझ्याने.

गेल्या मंगळवारी मुलाखत झाली. समोर तिघं. बाईंनी माझा कागद उचलला आणि म्हणाल्या, “९७ बैठका फवारणीवर. सुरुवात कशी करता? करून दाखवा.” मी उभा राहिलो आणि करून दाखवली. खोलीत पारावरच्यासारखीच शांतता झाली. मग त्यांनी विचारलं, “हे तुमच्या मित्राचे वडील. ही गोष्ट तुम्ही सांगता, हे त्या मित्राला माहीत आहे?”

मी म्हटलं, नाही.

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. बाहेर आलो आणि बसस्टँडवर दोन तास बसून राहिलो, गाड्या सोडल्या. शुक्रवारी फोन आला, पहिल्या तारखेपासून या. त्या बाईच बोलल्या. पहिल्या तुकडीत चोवीस पोरं-पोरी आहेत, त्यांना ही गोष्ट द्यायची की नाही ते आधी मित्राला विचारून सांगा, असं म्हणाल्या.

तर विचारतो आहे. बावीस वर्षांपूर्वी गच्चीवरच विचारायला हवं होतं. चोवीस जण म्हणजे चोवीस तालुक्यांत आबा धुऱ्यावर येऊन बसतील, काकू कांदा फोडतील. तू नको म्हणालास तर मी ती गोष्ट सांगणं थांबवीन, त्या पोरांनाही देणार नाही, आणि त्यावर तुझ्याशी वाद घालणार नाही. हो म्हणालास तर तुझं वाक्य तुझ्या नावाने सांगीन. काकूंनाही विचार. कांद्याचं ऐकून त्यांना अजून अपराधी वाटत असेल, आणि ते भर बैठकीत सांगितलं जातं हे त्यांना कसं वाटेल, याचा विचार मी इतकी वर्षं केलाच नाही.

बायोडेटात शेवटी मी एवढंच ठेवलं, ‘आंतरमहाविद्यालयीन वादविवाद, सांघिक प्रथम (दोघांचा संघ)’. एक ओळ, सगळ्यात खाली. पोरीने पुन्हा का म्हणून विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कंसातले दोन शब्द तिने ठळक केले.

तुझ्या स्लॅबला पाणी नीट मारतोयस ना? धाकट्याचा दहावीचा निकाल कळव, पेढे कुरियरने चालतील. वहिनींची बदली झाली का? त्यांना नमस्कार, काकूंना साष्टांग.

फोन करू नकोस. लिही. किंवा ये, गच्ची आहे आमच्याकडेही.

तुझाच

ता.क. सर्टिफिकेटांबरोबर तुझंही निघालं, सांघिकचं. इतकी वर्षं माझ्याच फायलीत होतं. तुझ्या आडनावातला ‘ळ’ त्यांनी ‘ल’ केलाय, त्यावरूनही तू तेव्हा भांडला होतास. सोबत पाठवतोय, घडी न घालता, पुठ्ठा लावून.