‘म्हणून’ नव्हे, ‘त्या अर्थी’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे वाक्य तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पण ‘विचार करणे हेच माणसाचे मोठेपण’ असा त्याचा अर्थ उत्तरपत्रिकेत उतरतो, आणि तो साफ चुकीचा आहे. यात मुलांपेक्षा ‘म्हणून’ या शब्दाचा दोष जास्त. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता भिजला’ असे म्हणताना आपण कारण सांगतो. भिजलेला रस्ता पाहून पाऊस ओळखतो ते अनुमान, आणि त्यासाठी मराठीत ठेवणीतला प्रयोग आहे: ‘ज्या अर्थी रस्ता भिजलाय, त्या अर्थी पाऊस पडलाय.’ देकार्तचे ‘म्हणून’ हे दुसऱ्या जातीचे. विचारामुळे मी अस्तित्वात येतो असे तो म्हणत नाही. माझ्या अस्तित्वाची खात्री मला विचारातून पटते, एवढेच म्हणतो.

ही खात्री कशी पटते ते वर्गात पायरीपायरीने दाखवावे. इंद्रिये कधीकधी फसवतात. समोरची शेकोटीही स्वप्नातली असू शकते. एखादी महाबलाढ्य कपटी शक्ती दोन आणि तीनच्या बेरजेतही मला चकवत असेल. पण चकवायला तरी मी हवाच. येथे पोचल्याशिवाय ते वाक्य फळ्यावर लिहूच नये. १६३७ च्या फ्रेंच ग्रंथात आणि १६४४ च्या लॅटिन ग्रंथात ते ‘म्हणून’सह येते, मधल्या, १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये मात्र ‘मी आहे’ हे विधान मनात येईल तेव्हा तेव्हा खरे असतेच, एवढेच आहे.

‘विचार’ हा शब्दही अपुरा पडतो. ‘विचार करून सांगतो’ मधला विचार वेगळा. देकार्तच्या यादीत शंका घेणे, इच्छिणे, नाकारणे, कल्पिणे, ऊब जाणवणे हे सगळे येते. ‘जाणीव’ हा शब्द त्याच्या अधिक जवळचा आहे.

मुलांना समजले की नाही हे पाहायला व्याख्या विचारू नका. देकार्तचा समकालीन टीकाकार गॅसेंदी याचा आक्षेप विचारा: ‘मी चालतो, त्या अर्थी मी आहे’ एवढ्याने का भागत नाही? चालणे स्वप्नातलेही असू शकते, पण चालतो आहे असे वाटणे खोटे ठरवता येत नाही, हे ज्याला सांगता आले त्याला पूर्ण गुण द्यावेत.

– तत्त्वज्ञानाचे एक अध्यापक