आरे-वारेच्या वळणांवर सायकलस्वारांना जपा
शनिवार-रविवार आला की रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. चढावर दमलेल्या सायकलस्वाराच्या मागे कर्कश हॉर्न, आणि मग ऐन वळणावर हँडलला घासून ओव्हरटेक! घाबरून कडेला जावे, तर साइडपट्टीवरच्या लाल मातीत, खडीत चाक घसरते. म्हणून कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवावे. वळताना मागे पाहून हात दाखवावा. कोणी अंगावर गाडी घातलीच तर हुज्जत घालू नये. थांबावे, नंबर टिपावा, ११२ वर कळवावे. असे वाहन चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. पोलिसांनी सुट्टीच्या दिवशी या वळणांवर उभे राहावे, ही कळकळीची विनंती.
– एक सायकलस्वार, रत्नागिरी